कैवारी आणि पाठराखीण

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी सोलापूरहून कुंभारीला निघालो होतो. अक्कलकोट रस्त्याची बस, माणसांनी भरलेली. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडले आणि माझ्यापुढे धरून विचारले, "हे पुढारी कधीपासून क्रिकेट खेळायला लागले हो?" मथळ्यात एका पुढाऱ्याने दुसऱ्यासाठी 'जोरदार बॅटिंग' केल्याचे म्हटले होते. बातमीत मैदान नव्हते की चेंडू नव्हता. एकावर टीका झाली होती आणि दुसऱ्याने त्याची बाजू सांभाळून घेतली होती, एवढेच.

गृहस्थ हसले, मीही हसलो. पण ती 'बॅटिंग' दिवसभर डोक्यातून गेली नाही, कारण त्याच दिवशी कुंभारीत मलाही एका बाईंसाठी बॅटिंग करायची होती. ती मी कशी केली आणि कसा बाद झालो, ते पुढे सांगेन. आधी त्या शब्दाची थोडी उलटतपासणी करू.

मूळचा हा इंग्रजी वाक्प्रचार. 'टु गो टु बॅट फॉर समवन' म्हणजे दुसऱ्यासाठी बॅट घेऊन मैदानात उतरणे. अर्थ सरळ आहे. कोणावर टीका होत असेल, कोणाची संधी जात असेल, कोणाचे ऐकून घेतले जात नसेल, तेव्हा आपले वजन खर्चून त्याची बाजू मांडणे. यात केवळ शिफारस नाही, थोडी जोखीम आहे. वरिष्ठ चिडले असताना हाताखालच्या माणसासाठी जो साहेब बोलतो, तो त्याच्यासाठी बॅट घेऊन उतरला असे इंग्रज आणि विशेषतः अमेरिकन माणूस म्हणतो. स्वतःचे घोडे पुढे दामटणाऱ्याला हे शब्द लागू नाहीत. ज्याच्या शब्दाला काही किंमत आहे त्याने, ज्याच्या शब्दाला ती नाही त्याच्यासाठी बोलावे, असा त्याचा बाज आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी तो उचलला खरा, पण एका वजनदाराने दुसऱ्या वजनदाराची वकिली केली तरी आपण 'बॅटिंग' म्हणतो, आणि म्हणताना मनात किंचित हसतो. उधारीच्या मालाला अशी आपली चव लागतेच. तक्रार त्याची नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. आपण बॅट म्हटले की क्रिकेट समजतो, पण हा वाक्प्रचार क्रिकेटचा नाही, बेसबॉलचा आहे. बेसबॉलमध्ये अडचणीच्या वेळी एका खेळाडूच्या जागी दुसरा फटके मारायला पाठवता येतो. त्याला 'पिंच हिटर' म्हणतात. आता त्या खेळाचा एक नियम पाहा. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये ज्याच्या जागी बदली माणूस आला, तो मूळ खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. बदली आलेल्याने मैदान गाजवले तरी ज्याच्यासाठी ते गाजले तो बाकावरच बसलेला असतो. संघाचे भले होते. त्या माणसाचा खेळ मात्र संपलेला असतो.

आपल्या क्रिकेटमध्ये दुसऱ्यासाठी उतरण्याची एक निराळीच रीत होती. फलंदाजाचा पाय दुखावला तर त्याच्यासाठी 'रनर' येई. चेंडू खेळायचा तो दुखावलेल्यानेच. रनरने फक्त त्याच्या वाटच्या धावा धावायच्या. त्याने पॅड बांधायचे, बॅट हातात घ्यायची, पण फटका मारायचा नाही. आणखी गंमत अशी, की रनर धावबाद झाला तर तंबूत परतायचे ते मूळ फलंदाजाने. चूक मदतनिसाची आणि शिक्षा ज्याला मदत केली त्याला! आंतरराष्ट्रीय सामन्यांतून २०११ साली रनर बंद झाला, पण या दोन खेळांतील फरक मला फार बोलका वाटतो. एकात कैवारी तुमच्या जागेवर येतो, दुसऱ्यात तो तुमच्या बाजूला उभा राहतो. एका भाषेने पहिली रीत उचलून तिचा वाक्प्रचार केला. आणि आपण दुसऱ्या रीतीत वाढलेली माणसे, तोच वाक्प्रचार डोळे मिटून बोलू लागलो.

इंग्रजीत याच अर्थाचा आणखी एक जुना वाक्प्रचार आहे. दुसऱ्यासाठी 'कजल्स' उचलणे, म्हणजे सोटे उचलणे. यातही भांडण दुसऱ्याचे, सोटा आपल्या हातात. सोटा परत कधी द्यायचा, याविषयी वाक्प्रचार गप्प आहे.

आता परक्याच्या घरातील उखाळ्यापाखाळ्या पुरे. आपले घर पाहू. मराठीत या कामासाठी शब्दांची वाण नाही. आपण कैवार घेतो, कड घेतो, बाजू घेतो, वकीलपत्र घेतो, तळी उचलतो, पाठराखण करतो. वरवर सगळे सारखे, पण प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे. 'तळी उचलणे' खंडोबाच्या ताटातून आले. आमच्या सोलापूरजवळच्या बाळ्याला खंडोबाच्या देवळात भंडाऱ्याचे ताट चारचौघांनी मिळून उचललेले मी अनेकदा पाहिले आहे. तिथे ती भक्ती असते. हीच तळी माणसाची उचलली की तिला खुशामतीचा वास येतो. देवाचे चालते, ते माणसाचे चालत नाही, असा भाषेचा न्याय आहे. 'वकीलपत्र घेणे' आपण बहुधा कुत्सितपणे म्हणतो. "तू कशाला त्याचे वकीलपत्र घेतेस?" हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. नातवाने फुलदाणी फोडावी, बापाने हात उगारावा, आणि आजीने मध्ये पडावे. की हे वाक्य आलेच.

'कैवार' हा या सर्वांत भारदस्त शब्द. दीनांचा कैवारी म्हटले की देव डोळ्यांसमोर येतो. त्यातच त्याची खोच आहे. कैवारी उंचावर असतो आणि दीन खाली. कैवार घेण्यासाठी समोरचा दुबळा असावा लागतो, आणि दुबळाच राहिला तर कैवाऱ्याचे आसन अढळ राहते. कैवारी म्हणवून घेणाऱ्या किती थोड्या माणसांना आपला दीन दीन न राहिलेला चालतो, हे पाहिले म्हणजे या शब्दाची भीती वाटू लागते.

राहता राहिली पाठराखण. तिच्याकडे कुंभारीहून परतताना येऊ.

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. बाहेरच्या वाचकाला ते ठाऊक झाले ते तिथल्या घरांमुळे. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणारी मोठी वस्ती आहे. पुरुष मागावर, बायका विडीवर, अशी तिथल्या अनेक घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी. मांडीवर सूप, सुपात पाने नि तंबाखू, आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढणाऱ्या या बायकांसाठी नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, यांच्या पुढाकाराने सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि कुंभारीच्या माळावर दहा हजार घरे बांधली गेली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायकांना मिळाली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली. त्यांतली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली. पहिल्या वसाहतीत केंद्राचा वाटा होता, राज्याचा होता, आणि विडी वळणाऱ्या बाईचाही होता. हा तिसरा वाटा विसरू नये. ज्या घरात आपले पैसे आहेत त्या घराच्या उंबऱ्यावर माणूस वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो.

त्या वसाहतीतल्या एका बाईंकडे मी चाललो होतो. आमची जुनी ओळख. मी त्यांना अक्का म्हणतो. एका कागदावर त्यांचे नाव एक, दुसऱ्यावर दुसरे, त्यामुळे फंडाचे पैसे अडकले होते. आम्ही दोघे एका कचेरीत गेलो. खिडकीशी मीच पुढे झालो. मी बोललो, आणि वाचकहो, बरे बोललो. नियमांचा हवाला दिला, आवाज चढवला, पुन्हा उतरवला. खिडकीतले गृहस्थ मलाच उत्तरे देत होते, मलाच प्रश्न विचारत होते. "यांनी विडीचे काम कोणत्या साली धरले?" मी वळून अक्कांना विचारले, त्यांनी मला सांगितले, मी त्यांना सांगितले. असे तीनचारदा झाले. त्या खिडकीपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. पण तेवढ्या अंतरासाठी मी दुभाषी झालो होतो. आणि दोघेही मराठीच बोलत होते!

शेवटी अक्कांनी मला हाताने बाजूला सारले. "सायेब, नाव माझं हाय, काम मी केलंय. मलाच इचारा की ओ." मग त्यांनी साल सांगितले, कारखाना सांगितला, नावाचा घोटाळा लग्नानंतर कसा झाला ते सांगितले. सगळे मिळून पाच मिनिटे लागली. काम त्या दिवशी पुरे झाले नाही. पुढची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर मी जरा ओशाळून म्हटले, "अक्का, मी उगीच मध्ये बोललो." त्या म्हणाल्या, "तुमी संगट आलात ते लई बरं झालं. येकटीला त्यांनी हाकलून दिलं असतं. पर तुमी बोलत हुतात तवर ते माज्याकडं बगतच नव्हते."

एवढ्या वाक्यात या वाक्प्रचाराची सारी समीक्षा आली. माझ्याकडे पाहून खिडकी उघडली हे खरे, आणि माझ्याकडे पाहिल्यामुळे त्या दिसेनाशा झाल्या हेही खरे. मी त्यांचा पिंच हिटर झालो होतो. त्यांना हवा होता रनर. सोलापूरच्या तेलुगूत 'तरफुन' म्हणतात, मराठीत 'तर्फे' म्हणतात, कन्नडात 'परवागि'. तिन्ही भाषा रस्त्यारस्त्यावर मिसळलेल्या या शहरात दुसऱ्यातर्फे बोलण्याला शब्द भरपूर आहेत. ज्याच्यातर्फे बोलायचे त्याला आधी विचारण्यासाठी मात्र शब्द लागत नाही, नुसते मागे वळून पाहावे लागते. आणि तेवढे आम्हाला सुचत नाही.

ज्या वसाहतीत हा धडा मिळाला तिला नाव आहे गोदावरी परुळेकरांचे. मराठी वाचकांच्या गोदूताई. हा योगायोग मला मोलाचा वाटतो. १९०७ साली पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या या बाई. दुसऱ्याचे वकीलपत्र घेण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला असणार? १९४५ साली त्या आणि शामराव परुळेकर त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या वारल्यांत गेले. तिथे वेठ होती, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी होते. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान परिषद भरली. तिथे वारल्यांपैकी माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची स्वतःची परिषद झाली, आणि वेठ करायची नाही हा निर्धार त्यांनी केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी त्यात मारले गेले. वेठ सुटली, पण फुकट सुटली नाही.

या लढ्यावर गोदूताईंनी जे पुस्तक लिहिले ते १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. समीक्षकांनी या पुस्तकातील हकिकतींविषयी पुष्कळ लिहिले आहे. मला त्याच्या नावाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. या वाक्याचा कर्ता पाहा. कर्ता 'मी' नाही. जागे करणारी बाई या वाक्यात कुठेही नाही. 'माणसाला जागे करताना' असे नाव देणे तिला सहज शक्य होते, आणि ते खोटेही ठरले नसते. तिने क्रियापद निवडले ते अकर्मक. माणूस जागा होतो. त्याला कोणी जागा करीत नाही. आत्मकथनाची सगळी सामग्री हाताशी असताना लेखिका आपल्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून बाजूला सरते, ही मला तिच्या गद्यातील सर्वांत मोठी कलात्मक निवड वाटते. कैवार आणि पाठराखण यांमधले अंतर तिने व्याकरणात दाखवले आहे.

जाता जाता भाषेचा एक अन्याय नोंदवून ठेवतो. वारल्यांनी ज्या वेठीसाठी गोळ्या खाल्ल्या, त्या शब्दाचे आज काय झाले? कामगारांनी संप केला की दुसऱ्या दिवशी आपण वाचतो, 'संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले.' जे वेठीला जुंपले जात त्यांच्या वारसांवर आता वेठीला धरल्याचा आरोप! शब्दानेच बाजू बदलली. कोणीतरी या शब्दासाठीही बॅट घेऊन उतरायला हवे होते.

गोदूताईंची रीत एकाकी नाही. १८८१ साली सुरतेच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि पुरुषांची वर्तमानपत्रे साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीचा न्यायनिवाडा करू लागली. सुधारक स्त्रियांच्या बाजूने बोलत होते, पण तेही बोलत होते पुरुषच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. त्या पुस्तकावर टीकेची झोड उठली तेव्हा महात्मा फुले पुढे आले. त्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ताराबाई बोलल्या. मग जोतीराव बोलले, आणि बोलले ते ताराबाईंच्या बोलण्याच्या हक्कासाठी. त्यांनी ताराबाईंचे पुस्तक स्वतः लिहायला घेतले नाही. डॉक्टर आंबेडकरांच्या पत्रांची नावेही अशीच ओळीने वाचून पाहा. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. मुक्यांच्या नायकापासून निघालेली वाट जाग्या झालेल्या देशापाशी पोहोचते. ज्या नायकाला आपली माणसे मुकीच हवी असतात, त्याच्या पत्राचे नाव बदलत नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की ज्यांना बोलताच येत नाही त्यांचे काय? तान्हे मूल, शुद्ध हरपलेला रोगी, मेलेला माणूस, कोंडून ठेवलेली सून. हे कसे खिडकीशी येऊन बोलणार? त्यांच्यासाठी दुसऱ्यालाच बॅट घ्यावी लागते. तिथे मागे राहणे ही सभ्यता नव्हे, पळवाट आहे. हे मला मान्य आहे. त्या दिवशी कचेरीत मी गेलोच नसतो तर अक्कांना दारातून परत पाठवले असते, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा कैवार घेऊच नये असे मी म्हणत नाही. घेतला, तर तो परत करायची तारीख मनाशी ठरवून घ्यावा. ज्याच्यासाठी बोललो, त्याला आपली गरज पुढच्या वेळी थोडी कमी लागली, तर कैवार फळला. गरज वाढली, तर आपण त्याची तळी उचलली नाही. आपलीच उचलून घेतली.

आता उरली पाठराखण. आपण हा शब्द 'समर्थन' या अर्थी सर्रास वापरतो, पण त्याची एक सख्खी बहीण घरात होती. पूर्वी लग्न लागले, वरात निघाली, की नव्या नवरीबरोबर माहेरची एक बाई सासरी जाई. कधी ती आजी असे, कधी मावशी, कधी करवलीहून थोडी मोठी बहीण. तिला पाठराखीण म्हणत. परक्या घरात रात्री नवरीच्या शेजारी निजायचे, तिला काय हवे-नको ते पाहायचे, कोणी टोचून बोललेच तर जागेवर उत्तर द्यायला असायचे, आणि चार दिवसांनी नवरीला तिच्या संसारात ठेवून एकटीने परत यायचे. पाठराखीण संसार करायला जात नाही. तिचे काम पाठीशी असण्याचे, आणि त्याहून अवघड काम वेळेवर निघून येण्याचे. परत आलेल्या पाठराखिणीला माहेरी पहिला प्रश्न विचारीत, "पोर रुळली का?" ती रुळली असेल तर काम झाले. पाठराखिणीने तिथे किती गाजवले हे कोणी विचारीत नसे.

माझ्या मते, जो वाक्प्रचार आपण अमेरिकेच्या मैदानावरून उसना आणला, त्याहून शहाणा शब्द आपल्या आज्यांच्या बोचक्यात होता. रूढी गेली, शब्दही जवळजवळ गेला. तो परत आणावा, एवढीच या लेखाची विनंती. पुढाऱ्यांनी एकमेकांसाठी बॅटिंग खुशाल करावी. आपल्याला मात्र कधी सुनेसाठी, कधी शेजाऱ्यासाठी, कधी घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मजुरीसाठी उभे राहायची वेळ येते. तेव्हा आपण कोण होऊन उभे राहतो, कैवारी की पाठराखीण, हे एकदा स्वतःला विचारावे.

पुढच्या तारखेला मी पुन्हा कुंभारीला गेलो. खिडकीशी अक्का पुढे आणि मी दोन पावले मागे, पिशवी सांभाळत. कोणी मला काही विचारले नाही. परतताना त्यांनी घरी नेऊन चहा पाजला, आणि शेजारणीला माझी ओळख करून दिली: "हे संगट आले हुते." माझ्या साऱ्या लेखनावर इतका चांगला अभिप्राय मला कोणी दिलेला नाही.